चिकाटी कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो?

कवडसा

एखादा माणूस वर्षानुवर्षं एकच गोष्ट धरून बसला आणि ती तडीस गेली, की आपण त्याच्या चिकाटीचं कौतुक करतो. तसाच दुसरा फसला, की तो हेकेखोर, आडमुठा, ‘मोडेन पण वाकणार नाही’वाला. वाटेत असताना दोघांचं वागणं सारखंच दिसत होतं. फरक पडला तो शेवटामुळे, आणि शेवट कळल्यावर शहाणपण कोणीही सांगतं.

म्हणून दोन प्रश्न. पहिला: शेवट कळायच्या आधी, वाटेत असतानाच, आपण चिकाटीने चाललोय की हट्टाने, हे ओळखायची काही खूण आहे का? दुसरा: समोरचा हट्टाला पेटलाय हे दिसत असताना काय केल्याने तो सैलावतो आणि काय केल्याने आणखी घट्ट होतो?

माझं मत आधीच सांगते. हट्टाचा बुद्धीशी संबंध नाही, तो इभ्रतीचा मामला आहे. ‘चुकलो’ म्हणणं जितकं महाग, तितका हट्ट मोठा. खोडून काढता आलं तर जरूर काढा. फक्त घरच्यांचे किस्से नकोत, त्यात उणीदुणी निघतात. विषयाची माहिती असलेल्यांनी नेमकं लिहावं.

भोवरा

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आधीच सांगून ठेवलंय सगळ्यांनी. :)

वाचतोय. या विषयावर कोणी माघार घेईल असं वाटत नाही, त्यामुळे प्रतिसादांची शंभरी नक्की.

गणिती

इभ्रतीचा मामला हे अर्धंच खरं. इभ्रतीचा काही संबंध नसतानाही माणूस अडून बसतो. अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये मांडलेला पाण्याच्या भांड्यांचा प्रयोग कोणालाही कागदावर करता येतो.

तीन भांडी. मापाच्या खुणा नाहीत, पूर्ण भरल्यावर किती मावतं तेवढंच माहीत. पहिल्यात २१, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३. मोजून १०० काढायचे. दुसरं भरायचं, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा भरून काढायचं: १२७ वजा २१ वजा ६, उरले १००. याच रीतीने सुटणारी आणखी काही गणितं लागोपाठ द्यायची. मग हे द्यायचं: २३, ४९, ३ आणि हवेत २०. बहुतेक जण ४९ वजा २३ वजा ६ करतात. उत्तर बरोबर येतं, पण २३ मधून ३ काढले की काम संपतं हे दिसतच नाही. ज्यांना आधीची गणितं दिलेली नसतात त्यांना मात्र ते पटकन दिसतं.

त्यापुढचं आणखी बोलकं आहे: २८, ७६, ३ आणि हवेत २५. इथे जुनी रीत लावली तर ४२ येतात, म्हणजे ती चालतच नाही. २८ वजा ३ इतकं सरळ असूनही अनेक जण अडकतात, पुन्हा पुन्हा जुनंच करून बघतात. कोणाचा मान पणाला लागलेला नव्हता. एक रीत चालली, एवढ्यानेच बाकीच्या वाटा झाकल्या गेल्या.

रातराणी

गणिती, पण ही सवय झाली, हट्ट नव्हे. त्या माणसाला २८ वजा ३ दाखवलं की तो लगेच मान्य करेल. हट्टी माणूस दाखवल्यावरही मान्य करत नाही. दाखवल्यानंतर काय होतं तिथे खरा प्रश्न सुरू होतो.

गणिती

मान्य. पण बाहेरून दोन्ही एकसारखं दिसतं, म्हणून लिहिलं. ‘त्याला दिसत नाहीये’ आणि ‘तो मुद्दाम करतोय’ यात गल्लत झाली की आपण आवाज चढवतो. आवाज चढला की मग इभ्रत आत येते. म्हणजे आधी नसलेला हट्ट आपण तयार करतो. त्यामुळे पहिली पायरी हीच: कोणताही शेरा न मारता नवी वाट जुनीच्या शेजारी मांडून दाखवायची आणि गप्प बसायचं. तेवढ्याने सुटलं तर तो हट्ट नव्हताच.

चष्मिष्ट

तुमच्या दोघांच्या मधला तिसरा प्रकार राहिला: दिसतंय, पटतंय, तरी बदलता येत नाही.

हे तपासायला विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग नावाची चाचणी आहे, १९४८ पासूनची. समोर चार पत्ते: एक लाल त्रिकोण, दोन हिरव्या चांदण्या, तीन पिवळ्या फुल्या, चार निळी वर्तुळं. हातातला प्रत्येक पत्ता या चारांपैकी एकाखाली लावायचा. रंगावरून लावायचा, आकारावरून की संख्येवरून, हे सांगत नाहीत. फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच सांगतात. सलग १० बरोबर आले की परीक्षक काही न बोलता नियम बदलतो. बहुतेकांना दोन-चार चुकांत लक्षात येतं. ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले रुग्ण जुन्याच नियमाने लावत राहतात, ‘चूक, चूक’ ऐकत असतानाही. काहींना तर आपण चुकतोय हे तोंडाने सांगता येतं, हात मात्र तेच करत राहतो.

हे लिहायचं कारण व्यवहारातलं आहे. आयुष्यभर समजूतदार असलेला माणूस पंचेचाळिशी ते पासष्टीच्या दरम्यान हळूहळू हेकट झाला, त्याच त्याच गोष्टी ठरावीक पद्धतीनेच करू लागला, समोरच्याच्या दुःखाचं त्याला काही वाटेनासं झालं, चारचौघांत काय बोलावं याचं भान सुटलं, तर त्याला ‘वयाबरोबर हट्टी झालाय’ म्हणून सोडू नका. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या मेंदूच्या आजाराची सुरुवात अशी असू शकते, आणि त्यात स्मरणशक्ती सुरुवातीला बरीच शाबूत असल्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला हवं. हाच बदल दोन-तीन दिवसांत अचानक झाला, दिवसातून कमी-जास्त होऊ लागला, तर तो वेगळा प्रकार. वयस्कर माणसात त्यामागे लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध असू शकतं. तिथे वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आयुष्यभराचा कडकपणा हा आणखी वेगळा. सगळं आपल्याच यादीप्रमाणे, आपल्याच पद्धतीने, दुसऱ्याच्या हाती काम द्यायचंच नाही, आणि यात स्वतःची कामं नि नाती दोन्ही बिघडतात, इतकं टोक असेल तर त्याला व्यक्तिमत्त्वाच्या विकारांत जागा आहे. त्याच्या आठ निकषांतला शेवटचा निकष हट्टीपणाच आहे. पण निदानाला आठांपैकी किमान चार लागतात. नुसत्या हट्टावरून कोणालाही ते लेबल लावू नये.

पिंपळपान

चष्मिष्ट, फार उपयोगी प्रतिसाद. वयस्कर माणसांचंच विचारते. आजार वगैरे काही नाही, डोकं ठणठणीत, पण कानाचं यंत्र लावणार नाही आणि काठी घेणार नाही. घरोघरी दिसतं हे. समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हा शुद्ध हट्टच ना?

सांजवात

पिंपळपान, मला तरी ते पटत नाही. ज्याला आपण हट्ट म्हणतो त्यातला मोठा भाग वस्तू नीट बसली नाही म्हणून आलेला नकार असतो. त्या माणसाला ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तो ‘नको’ एवढंच म्हणतो.

काठी घ्या. पायात नेहमीचे बूट-चपला घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मनगटावरची घडी जिथे येते तिथे मुठीचा वरचा भाग यायला हवा. मूठ धरली की कोपर १५ ते २० अंशांत वाकलेलं दिसतं. काठी यापेक्षा उंच असेल तर खांदा सतत वर उचलला जातो आणि मान-खांदा धरतो. बुटकी असेल तर माणूस एका अंगाला झुकतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरणं. ती विरुद्ध हातात हवी आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे पडायला हवी. खालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर फरशीवर घसरतं, आणि एकदा घसरलं की तो माणूस पुन्हा काठीवर विश्वास ठेवत नाही. ठेवू पण नये.

कानाच्या यंत्राचं तसंच. वयामुळे येणारा बहिरेपणा उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतो. स, श, फ, त यांसारखे वर्ण आधी हरवतात. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही, तुम्हीच पुटपुटता’ ही तक्रार अगदी प्रामाणिक असते. यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे स्वतःचा आवाज घुमतो, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो. पहिल्याच दिवशी गर्दीत नेलं तर ते यंत्र कायमचं खणात जातं. सुरुवात शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, तास-दोन तास. मग हळूहळू वेळ वाढवायची. शिट्टी वाजत असेल तर यंत्राचा कानात बसणारा साचा सैल आहे किंवा कानात मळ आहे. आवाज एकदम बारीक झाला तर यंत्राच्या तोंडाशी मळ अडकलाय किंवा सेल संपलाय. हे सगळं तपासून झाल्यावरही ‘नको’ असेल तर मग हट्टाचा विचार करू.

तेव्हाही ‘लाव’ म्हणण्याऐवजी त्यांना कोणाचा आवाज ऐकायला आवडेल हे विचारावं, आणि यंत्र तेवढ्यापुरतं लावायचं ठरवावं. कधी काढायचं हे त्यांच्या हातात ठेवावं.

पिंपळपान

काठीच्या मापाचं हे कोणीच सांगत नाही. धन्यवाद सांजवातताई.

वाटाड्या

कवडसाताईंच्या इभ्रतीच्या मुद्द्याला पुरावा आहे, तो देतो.

बॅरी स्टॉ यांचा १९७६ चा प्रयोग. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका कंपनीची आकडेवारी दिली, तिच्या दोन विभागांपैकी एकाला संशोधनाचा पैसा द्यायला सांगितलं. काही वर्षांनंतरचे आकडे म्हणून मग दाखवलं की निवडलेला विभाग घसरत गेलाय. आता पुन्हा पैसे वाटायचे. आधीचा निर्णय ज्यांनी स्वतः घेतला होता, त्यांनीच बुडत्या विभागात सगळ्यात जास्त पैसे ओतले. ज्यांना ‘आधीचा निर्णय दुसऱ्याचा होता’ असं सांगितलं होतं, त्यांनी हात आखडता घेतला. आकडे तेच, फक्त निर्णय कोणाचा एवढा फरक.

यातून निघणारी पद्धत मोठ्या संस्थांत वापरतात. प्रकल्प सुरू करणारा आणि तो पुढे चालवायचा की बंद करायचा हे ठरवणारा, ही माणसं वेगळी ठेवायची. घरगुती निर्णयातही करता येतं. ज्याने वस्तू निवडली त्याला ती टाकायची का हे विचारू नये, तिसऱ्याला विचारावं.

घातलेल्या पैशाचा ओढाही असाच. आर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५ मध्ये नाटकांच्या हंगामी तिकिटांवर हे पाहिलं. काहींना पूर्ण किमतीत तिकीट मिळालं, काहींना सवलतीत, आणि सवलत कोणाला हे केवळ योगायोगाने ठरलं. पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना आले. दुसऱ्या सहामाहीत तो फरक उरला नाही. म्हणजे घातलेल्या पैशाची टोचणी कालांतराने बोथट होते. नुकताच खर्च केलेला असताना ‘सोडायचं का’ हे ठरवू नये, थोडं थांबून ठरवावं.

आडवाटेचा

सगळे हट्ट सोडवायच्याच मागे लागलेत. जगात नवं काही आलं ते न हटणाऱ्यांमुळे, हेही कोणी लिहा. मीच लिहितो.

डॅन शेख्टमन. १९८२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियम आणि मँगनीजच्या मिश्रधातूत त्यांना दहा पदरी सममिती दिसली, म्हणजे एक दशांश फेरी फिरवली तरी तशीच दिसणारी नक्षी. स्फटिकांच्या तेव्हाच्या नियमांत ती बसतच नव्हती. सहकाऱ्यांनी वेड्यात काढलं. निबंध छापून यायला १९८४ उजाडलं. विरोधात उभे कोण, तर लायनस पॉलिंग, दोन नोबेलांचे मानकरी, आणि ते १९९४ मध्ये जाईपर्यंत विरोधातच राहिले. शेख्टमन यांना २०११ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते चिवट नसते तर हे ‘क्वासिक्रिस्टल’ नावाचे स्फटिक कोणाला माहीत झाले असते?

गणिती

उत्तम उदाहरण, पण ते मूळ प्रश्नाला जास्त उपयोगी आहे. इथे दोघेही अडून बसले होते. फरक काय? पॉलिंग यांचं म्हणणं असं की हे जुळे स्फटिक आहेत, साधेच स्फटिक एकमेकांत गुंतल्यामुळे तशी नक्षी दिसते. हा आक्षेप सयुक्तिक होता. शेख्टमन यांनी जुळे स्फटिक आहेत का हे स्वतःच आधी तपासलं होतं, म्हणजे आपलं म्हणणं पाडू शकेल अशी परीक्षा आपणच घेतली. पुढे १९८७ मध्ये मोठे नमुने तयार झाले, क्ष-किरणांनी तपासता आले, आणि १९९२ मध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने स्फटिकाची व्याख्याच बदलली. पुरावा वाढत गेला तशी पॉलिंग यांना प्रत्येक नमुन्यासाठी आणखी गुंतागुंतीची रचना सुचवावी लागली. आपलं मत टिकवायला दर वेळी नवी सबब लागत असेल, तर ती माझ्या मते हट्टाची खूण.

रातराणी

+१. ही खूण टिपून ठेवते.

आणि आडवाटेचा, बरोबर असणं पुरत नाही हेही आहे. इग्नाझ सेमेलवाइस बरोबर होते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात एप्रिल १८४७ मध्ये बाळंतिणींचे मृत्यू १८ टक्क्यांवर होते. मे महिन्यात त्यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि जूनपासून प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आलं. पण सविस्तर ग्रंथ काढला तो १८६१ मध्ये, आणि न मानणाऱ्या प्राध्यापकांना उघड पत्रांतून खुनी ठरवलं. ‘तुझ्या हाताने बाई मेली’ हे मान्य करणं कोणत्याही डॉक्टरला किती जड, याचा विचार केला नाही. दोन्हीकडचे ताणत गेले. ते १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारले आणि मधल्या काळात बाळंतिणी मरतच राहिल्या.

भोवरा

हे वाचून जरा सुन्न झालो. म्हणजे कवडसाताईंचं ‘चुकलो म्हणणं महाग’ इथे शब्दशः लागू आहे.

विषय थोडा हलका करतो. लहान मुलांचं काय? तिथे इभ्रत नाही, गुंतवणूक नाही, तरी जमिनीवर गडाबडा लोळतात.

मितभाषी

मुलांच्या हट्टाबद्दल.

दीड ते चार वर्षं या वयात हट्ट हा वाढीचा भाग आहे. ‘मला हवंय’ कळतं, पण थांबायला लागणारी मेंदूची यंत्रणा कच्ची असते. ती पूर्ण व्हायला विशी उलटते. त्यामुळे पहिल्यांदा भूक, झोप, दुखणं बघा. यातलं काही असेल तर बाकी उपाय व्यर्थ.

खरी चूक होते ती अशी: चार वेळा ‘नाही’ म्हणायचं आणि पाचव्यांदा, आरडाओरडा असह्य झाल्यावर, द्यायचं. शिकण्याच्या प्रयोगांतून हे पक्कं माहीत आहे की दर वेळी बक्षीस मिळणारी सवय बक्षीस थांबल्यावर लवकर सुटते. अधूनमधून बक्षीस मिळणारी फार चिवट असते. कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून प्रयत्न चालू राहतो. अधूनमधून नमणारं घर सगळ्यात हट्टी मूल घडवतं.

म्हणून द्यायचं असेल तर पहिल्या मागणीलाच, आनंदाने द्या. द्यायचं नसेल तर शेवटपर्यंत नाही. यासाठी ‘नाही’ची यादी लहान हवी: इजा होईल असं, दुसऱ्याला मारणं, आणि घरात ठरलेले दोन-तीन नियम. बाकीच्यात सोडून द्या.

ठाम राहायला सुरुवात केली की हट्ट आधी वाढतो. आवाज चढतो, नवे प्रकार निघतात. हे काही दिवस चालतं. बहुतेक पालक नेमके इथे हरतात आणि ‘उपाय चालत नाही’ म्हणतात. याच वेळी नमलं तर मूल शिकतं की एवढं ओरडल्यावर मिळतं, म्हणजे आधीपेक्षा वाईट स्थिती.

लोळत असताना भाषण नको. जवळ राहायचं, धोक्याच्या वस्तू बाजूला करायच्या, एकच छोटं वाक्य तेवढ्याच आवाजात. शांत झालं की लगेच लक्ष द्यायचं, जवळ घ्यायचं. खेळ थांबवायचा असेल तर पाच मिनिटं आधी सांगायचं. आणि ‘घाल’ म्हणण्यापेक्षा ‘निळा की लाल?’ विचारायचं, पण दोन्ही पर्याय खरे हवेत.

श्वास रोखून निळं पडणं, स्वतःला इजा करणं, रोजच अर्ध्या तासाच्या आसपास चालणं, किंवा पाच वर्षांनंतरही जोर कमी न होणं, यांत बालरोगतज्ज्ञांना विचारा.

भोवरा

नावाला शोभत नाही एवढा मोठा प्रतिसाद, पण एकही शब्द जास्त नाही. :)

ओंजळ

मितभाषींच्या ‘दोन पर्याय’वरून पुढे. मोठ्यांनाही हेच लागू. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडलं होतं: निवडीचं स्वातंत्र्य जातंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवण्यासाठी धडपडतो, मग मनाई केलेली गोष्ट मुळात त्याला हवी असो वा नसो. ‘तुला हे करावंच लागेल’ हे वाक्य चांगल्या सल्ल्यालाही मारून टाकतं.

व्यसनमुक्तीच्या समुपदेशनातून याची घडीव पद्धत तयार झाली. विल्यम मिलर यांनी ती १९८३ मध्ये प्रथम मांडली. त्यांच्याच १९९३ च्या अभ्यासात दिसलं की समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितकं ते रुग्ण वर्षभरानंतर जास्त पीत होते. दोन्ही बाजू मनात असलेल्या माणसासमोर आपण एक बाजू लढवली की तो आपोआप दुसरी लढवतो, आणि स्वतःच्या तोंडून ऐकलेलं त्याला जास्त पटतं.

म्हणून उलट करायचं. आधी परवानगी: ‘याबद्दल बोलू का?’ नाही म्हणाला तर खरंच थांबायचं. मग विचारायचं, ‘हे बदलणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, ० ते १० मध्ये?’ समजा ४ म्हणाला. इथे बहुतेक जण विचारतात, ‘फक्त ४? ९ का नाही?’ त्याला उत्तर म्हणून तो न बदलण्याची कारणं मोजू लागतो. विचारायचं असं: ‘४ का? १ का नाही म्हणालात?’ आता तो बदलाची कारणं स्वतः सांगतो. ती ऐकायची, त्याच्याच शब्दांत परत म्हणायची, आणि आपलं कारण जोडायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण. आपल्याकडे तयार असलेला मुद्दा गिळून टाकावा लागतो.

आडवाटेचा

म्हणजे चुकीला चूक म्हणायचंच नाही? लस टोचल्याने अमुक होतं असं कोणी ठासून सांगत असेल तर ‘० ते १० मध्ये किती?’ विचारत बसायचं? शिवाय पुरावा दिला की लोक उलट जास्त घट्ट होतात म्हणतात, मग बोलायचंच कशाला?

ओंजळ

तो उलटा परिणाम २०१० च्या एका अभ्यासामुळे गाजला. पण वुड आणि पोर्टर यांनी पुढे ५२ विषयांवर, दहा हजारांहून जास्त लोकांवर तपासलं (२०१९ चा निबंध) आणि तो सापडला नाही. चूक दुरुस्त करणारी माहिती दिली की लोकांची माहिती सरासरीने सुधारते. तेव्हा माहितीची चूक जरूर सांगा, थोडक्यात आणि आधाराने. चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगितलं तर अधिक बरं.

मी लिहिलेलं निर्णयाबद्दल होतं: प्यायचं सोडणं, उपचार घेणं, काठी धरणं. तिथे माहिती कमी नसतेच, त्याला सगळं ठाऊक असतं.

आडवाटेचा

हा फरक पटला.

अक्षांश

कवडसा यांच्या पहिल्या प्रश्नाकडे कोणी फारसं वळलं नाही. विमानचालनात याचं उत्तर आकड्यांत लिहून ठेवलेलं असतं.

उतरताना वैमानिकाचा कल ‘आता एवढं आलोय तर उतरवूच’ असा होतो. त्याला आळा घालायला उंची ठरलेली असते: ढगांतून, उपकरणांवर उतरत असाल तर धावपट्टीच्या १,००० फूट वर, स्वच्छ हवेत ५०० फूट वर. त्या उंचीवर विमान ठरल्या मार्गावर, चाकं बाहेर आणि फ्लॅप्स (पंखांच्या हलत्या फळ्या) उतरण्यासाठी ठरलेल्या स्थितीत, वेग ठरल्या मर्यादेत आणि खाली येण्याचा दर मिनिटाला १,००० फुटांपेक्षा जास्त नाही, असं असायला हवं. यातलं एकही नसेल तर विचार करायचा नाही, वर उचलायचं आणि फेरी मारून पुन्हा यायचं. अनेक कंपन्यांत सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटलं तरी कॅप्टनला ते मानावं लागतं.

तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या पाहणीत दिसलं की अशा अस्थिर उतरण्यांपैकी जेमतेम ३ टक्के वेळा विमान वर उचललं जातं. नियम असूनही. म्हणून नियमाबरोबर दोन गोष्टी लागतात. परत फिरल्याबद्दल कोणी जाब विचारणार नाही ही हमी, आणि प्रत्येक उतरण्याची नोंद नंतर तपासली जाणं.

आणि वेळीच मागे फिरणारा माणूस पाहायचा तर दक्षिण ध्रुवाकडे निघालेले अर्नेस्ट शॅकल्टन. ९ जानेवारी १९०९ ला ते ८८ अंश २३ मिनिटं दक्षिणेला होते, ध्रुव सुमारे १८० किलोमीटरवर. तोवर तितक्या दक्षिणेला कोणी गेलं नव्हतं. पण उरलेलं अन्न आणि परतीचं अंतर यांचा हिशेब जुळत नव्हता. ध्वज रोवला आणि मागे फिरले. ते आणि तिघे साथीदार, चौघेही जिवंत परतले. पुढे मोहिमा काढत राहिले ते वेगळंच. तो माणूस चिकाटीचा नव्हता असं कोण म्हणेल?

गणिती

याच्या जोडीला गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जून १९९३ मध्ये जाहीर केली, तपासणीत भगदाड सापडलं. सप्टेंबर १९९४ मध्ये आपली पद्धत नेमकी कुठे कमी पडते हे बघत असताना, पूर्वी सोडून दिलेली एक वाट तिच्याशी जोडता येते हे लक्षात आलं. साध्य सोडलं नाही, साधन मात्र सोडलंही आणि परतही उचललं. माझ्या मते दोघांतला भेद इथे आहे: चिवट माणूस साध्याला चिकटतो, हट्टी माणूस साधनाला.

रातराणी

गणिती, शॅकल्टन यांनी त्या दिवशी साध्यच सोडलं, साधन नव्हे. तुमची व्याख्या त्यांना हट्टीही ठरवत नाही आणि चिवटही. अक्षांश यांची खूण मला जास्त कामाची वाटते: सोडायची अट आधी ठरली होती का, आणि ती वेळ आल्यावर पाळली का.

गणिती

बरोबर आहे. माझी व्याख्या शॅकल्टनवर मोडते.

कवडसा

घ्या, भोवरा, एकाने माघार घेतली. :)

सगळ्यांचे आभार. ‘इभ्रतीचा मामला’ हे माझं मत अपुरं होतं. काठी चुकीच्या उंचीची असू शकते हे माझ्या डोक्यातही नव्हतं. आता एक व्यावहारिक शंका. विमानाला उंचीचा आकडा आहे. नोकरी, अभ्यास, धंदा, नातं, संशोधन, इथे ‘सोडायची अट’ लिहायची कशी? ‘जमत नाही असं वाटलं तर सोडेन’ हे तर काहीच झालं नाही.

वाटाड्या

वाटण्यावर ठेवायचीच नाही. तारीख आणि बाहेरून दिसणारी खूण, दोन्ही हव्यात: ‘अमुक तारखेपर्यंत अमुक एवढं झालेलं नसेल, तर थांबेन.’ परीक्षेसाठी: सराव चाचण्यांत इतके गुण. धंद्यासाठी: स्वतःचा पैसा न घालता इतके महिने खर्च निघणं. काम सुरू करायच्या आधी लिहायचं, कारण सुरू झाल्यावर प्रत्येक आकडा सोयीचा वाटू लागतो. कागद अशा माणसाकडे द्यायचा ज्याला तुमच्या यशातून काही मिळणार नाही.

आणि तारीख आली की एक प्रश्न. लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन यांनी १९८४ मध्ये पाहिलं की लोकांना ‘निःपक्षपातीपणे विचार करा’ सांगून काही फरक पडत नाही. ‘हाच पुरावा उलट बाजूने निघाला असता तर तुम्ही त्याला इतकंच मानलं असतं का?’ असं विचारलं की पडतो. तारखेच्या दिवशी तेच करायचं. आलेला आकडा उलटा करून बघायचा. वाईट आकड्याला ज्या सबबी देतोय, त्या चांगल्या आकड्यालाही दिल्या असत्या का?

रातराणी

आणि अट बदलावीशी वाटली तर? परिस्थिती खरंच बदलते कधीकधी. आजारपण येतं, नियम बदलतात.

अक्षांश

बदलता येते, पण तारखेच्या आधी. जुनी अट न खोडता तिच्याखाली नवी लिहायची, शेजारी कारण आणि त्या दिवसाची तारीख. कागद ज्याच्याकडे आहे त्याच्यासमोर. तारखेच्या दिवशी किंवा नंतर सुचलेला बदल धरायचा नाही, त्या दिवशी जुनीच अट लागू. आणि एकाच कागदावर तिसऱ्यांदा अट बदलावीशी वाटली, तर तो बदल लिहायच्या आधी गणितींची सबबींची खूण पुन्हा वाचायची.